मंडळी एक, गळे अनेक

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे कामवारी नदीकाठचे जुने व्यापारी गाव आज यंत्रमागांसाठी आणि अलीकडे गोदामांसाठी ओळखले जात असले, तरी गाणे ऐकणाऱ्यांचे गाव म्हणूनही त्याचा विचार करता येतो. कारण ब्राह्मण आळी, कासार आळी यांसारख्या मराठी वस्त्या आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांचे मोहल्ले येथे जवळजवळ वसले आणि त्यांच्याबरोबर नाट्यपद व कव्वाली अशा दोन श्रवणपरंपराही शेजारी आल्या. वरवर पाहता या दोहोंत फारसे साम्य नाही. एकीची भाषा मराठी, दुसरीची उर्दू. एक तिकीट काढून नाट्यगृहात ऐकायची, दुसरी बहुधा उर्सात, मांडवाखाली. अंतर्गत घडण मात्र दोन्हींची सारखीच आहे. तालीम, साथ आणि खर्च हे सारे समूहाचे असते, आणि श्रोता येतो तो एकाच गळ्यासाठी. तो गळा मृत्यूने, मतभेदाने किंवा वयोमानाने बदलला, की नवा गायक त्या समूहाला शोभतो की नाही, याचा वाद सुरू होतो. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चाहत्यांत हा वाद गेल्या चार-पाच दशकांत गाजला. महाराष्ट्रात तो त्याच्याही आधी पाऊणशे वर्षे रंगला होता, आणि त्याचे मुख्य क्षेत्र संगीत नाटकमंडळी हे होते.

नाटकमंडळी म्हणजे केवळ नटांचा संच नव्हे. मालक किंवा भागीदार, गायक नट, गद्य नट, तालीम मास्तर, साथीदार, पडदे रंगवणारे, पोशाख सांभाळणारे आणि आचारी अशा सर्वांचे मिळून ते एक फिरते बिऱ्हाड असे, आणि ते मुक्काम ठोकत गावोगाव हिंडत असे. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ साली आणि कल्याणपर्यंतचा १८५४ साली सुरू झाल्यावर, पुढे घाटमाथ्यापलीकडेही रूळ गेल्यावर, अशा बिऱ्हाडाला पेटारे-पडद्यांसह मुंबई-पुणे-मिरज-हुबळी असा लांबचा दौरा करणे शक्य झाले. भिवंडी या मुख्य मार्गापासून काही कोस बाजूला राहिली, आणि तिला स्वतःचे स्थानक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दिवा-वसई मार्गावर मिळाले. बड्या मंडळीचा खेळ पाहण्यासाठी कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागणारा असा बाजूच्या गावचा रसिक या वादात दुर्लक्षिला जातो. वस्तुतः तोच या वादाचा खरा वाहक होता. रोज नाटक पाहणाऱ्या पुणेकराला गायकातील बदल हळूहळू अंगवळणी पडे. वर्षा-दोन वर्षांतून एकदा नाटक पाहणाऱ्याला मात्र जुन्या गायकाची आठवण आणि नव्या गायकाचे प्रत्यक्ष गाणे यांची एकदमच गाठ घालून द्यावी लागे.

या इतिहासाचा आरंभ बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्यापासून होतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतल’ नाटकाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, आणि नाटकात गाण्याचे काम सूत्रधाराकडे व त्याच्या साथीदारांकडे ठेवण्याची जुनी रीत मोडून प्रत्येक पात्राने आपले गाणे स्वतः गाण्याची पद्धत रूढ झाली. या एका बदलाने मराठी नाटकाचे अर्थकारणच पालटले. सूत्रधार गात होता तोपर्यंत नटाचे रूप आणि गळा ही दोन वेगळ्या माणसांची कामे होती. आता ती एकाच माणसात एकत्र यावी लागली, आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करत असल्यामुळे नायिकेचे रूप, स्त्रीला शोभणारे वागणे आणि तीन-चार तास टिकणारा गळा या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत असा तरुण मिळवणे हा मंडळीच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला. ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या वर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाची तीव्रता कळते.

पहिल्या प्रयोगात शकुंतलेचे काम शंकरराव मुजुमदार यांनी केले, मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले आणि बाळकोबा नाटेकरांनी कण्व रंगवला. दोनच वर्षांत, १८८२ साली, बडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांना किर्लोस्करांनी आपल्या किर्लोस्कर मंडळीत आणले आणि शकुंतला त्यांच्याकडे गेली. मुजुमदारांनी पुढे नायिकेच्या पोशाखापेक्षा व्यवस्थापकाच्या गादीवर आणि ‘रंगभूमी’ मासिकाच्या संपादकपदी अधिक नाव मिळवले, त्यामुळे ही पहिली अदलाबदल कोणालाच सलली नाही. वाद घालायला जुन्या गायकाची कीर्ती लागते, ती अजून तयार व्हायची होती.

ती भाऊरावांनी तयार केली. उंच, चपळ आणि दूरवर पोहोचणारा आवाज हे त्यांचे भांडवल होते, आणि ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जाणे ही कलेच्या आधीची, पोटाची गरज होती. १८८२ साली आलेल्या ‘सौभद्रा’तील सुभद्रा आणि पुढे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना ही त्यांची कामे गाजली. त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. वय वाढल्यावर त्यांनी लुगडे उतरवून पुरुषभूमिका स्वीकारल्या आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या १८९६ च्या ‘वीरतनया’त ते शूरसेन झाले. या नाटकातील चाली पारशी आणि गुजराती रंगभूमीच्या वळणाच्या होत्या, म्हणजे नाटककार, चालींचे वळण आणि भूमिकेचे लिंग या तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या. तरीही मंडळी आणि गायक यांचे नाते तुटले नाही. किर्लोस्कर १८८५ सालीच वारले होते, आणि त्यांच्यानंतर मंडळी उभी राहिली ती देवलांची तालीम, नव्या नाटककारांची नाटके आणि भाऊरावांचा गळा यांच्या जोरावर.

१३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव वारले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते. हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी पहिले ध्वनिमुद्रण कलकत्त्यात झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. या दोन तारखांमधील पावणेदोन वर्षांच्या अंतराने मराठी संगीताच्या इतिहासातील एका वादाचा निकाल कायमचा अनिर्णित ठेवला. कारण भाऊरावांचा आवाज कोणत्याही तबकडीवर उरला नाही आणि त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक गायकाला एका अशा प्रतिस्पर्ध्याशी तोलले गेले की ज्याचा सूर कधी उतरणार नव्हता. ज्यांनी भाऊरावांना ऐकले होते ते वयाने मोठे, घरात ज्यांचा शब्द चाले असे लोक होते. ज्यांनी ऐकले नव्हते त्यांच्याजवळ प्रतिवादासाठी पुरावाच नव्हता. पुढच्या पिढीतील वादांत बाल गंधर्वांच्या तबकड्या साक्षीला काढता येत, भाऊरावांच्या बाबतीत केवळ साक्षीदारच उरले.

भाऊरावांनंतरची चार वर्षे मंडळीला जड गेली. कृष्णराव गोरे यांच्यासारख्या गायक नटांनी नायिकांची बाजू सांभाळली, नानासाहेब जोगळेकरांनी नायक उचलून धरले, पण पोकळी राहिली. १९०५ साली मिरजेच्या मुक्कामी नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा तरुण शकुंतला म्हणून उभा राहिला, आणि त्याच्यामागे शाहू महाराजांचा पाठिंबा होता. लहानपणी लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बाल गंधर्व’ म्हटल्याची कथा सर्वश्रुत आहे. भाऊरावांचे श्रोते त्याच्याकडे कोणत्या कानांनी ऐकत असतील, हे सहज ओळखता येते. नारायणरावांचा आवाज भाऊरावांसारखा भेदक नव्हता. तो मध्यम पट्टीतला, गोल, लाडिक आणि शब्दाला धरून चालणारा होता. जुन्या चालींना लागणारी चपळाई आणि फेक त्यात शोधणाऱ्याला काही तरी उणे भासणे स्वाभाविक होते. येथेच या वादातील मूळ गफलत ध्यानात येते. वाद घालणारे दोन गळे तोलत होते, पण तराजूच्या दोन्ही पारड्यांत नाटके जुनीच, म्हणजे पहिल्या गळ्याच्या मापाने बेतलेली होती.

नव्या गळ्याच्या मापाचे नाटक यायला सहा वर्षे लागली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० साली सरकारने बंद पाडल्यावर त्यांनी किर्लोस्कर मंडळीसाठी ‘मानापमान’ लिहिले आणि १२ मार्च १९११ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बाल गंधर्वांची लहान मुलगी वारली असताही त्यांनी प्रयोग पार पाडला, ही घटना त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या, आणि त्यांनी कीर्तनी-लावणीच्या जुन्या वळणाऐवजी उत्तरेकडील ठुमरी, कजरी, चैती यांच्या चाली घेतल्या. ठुमरी म्हणजे शब्दातील भाव निरनिराळ्या स्वरांनी फिरवून फिरवून दाखवण्याचा गानप्रकार. त्यात आवाजाच्या उंचीपेक्षा लाडिक मुरड मोलाची असते. बाल गंधर्वांचे बलस्थान नेमके तेच होते. पदे कमी झाली, प्रत्येक पद लांबले, आणि प्रेक्षकांनी ‘वन्स मोर’ दिला, म्हणजे तेच पद पुन्हा गाण्याची मागणी केली, की तीच ओळ नव्या अंगाने येऊ लागली. कथानक थांबे, घड्याळ थांबत नसे. खेळ पहाटेपर्यंत चाले आणि त्याबद्दल तक्रार करणारा प्रेक्षक विरळाच.

जोगळेकर १९११ सालीच वारले आणि मंडळीतील कारभाराविषयीचे मतभेद वाढत गेले. जुलै १९१३ मध्ये बाल गंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनी भीमपलास, यमन, बिहाग अशा रागांतील ख्यालाच्या बंदिशी रुक्मिणीच्या तोंडी घातल्या, १९१९ साली राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त गंधर्व सिंधू झाले, आणि ऑर्गन, सारंगी व तबला यांची भरदार साथ ही मंडळीची खूण बनली, पुढे अहमदजान थिरकवाँसारखा तबलावादक त्या साथीत बसला. खरे भरजरी शालू, गालिचे आणि अत्तरे यांच्या खर्चाने मंडळी कर्जात बुडत गेली, पण तिच्यात सर्व काही एका गळ्याभोवती रचलेले होते यात शंका नाही. बाल गंधर्व किर्लोस्कर मंडळीला शोभले का, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ते तिच्यात आठ वर्षे होते, त्यांपैकी सहा वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या मापाचे अंगरखे घातले आणि स्वतःचे माप घेतले जाताच दोन वर्षांत ते निघून गेले.

मागे राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीने गोव्यातील मंगेशीचा एक कोवळा मुलगा उचलला. दीनानाथ मंगेशकरांचा जन्म १९०० सालचा. म्हणजे गंधर्वांच्या जागी उभे राहताना ते जेमतेम चौदा वर्षांचे होते. त्यांचा आवाज पातळ, धारदार, तारसप्तकात सहज झेप घेणारा, आणि गाण्याची वृत्ती आक्रमक. गंधर्वांच्या गोडव्याला सरावलेल्या श्रोत्यांना तो उग्र वाटला, तर भाऊरावांच्या फेकीची आठवण जपणाऱ्यांना त्यात जुनी ओळख पटली असल्यास नवल नाही. अधिक काळ मिळता तर मंडळी त्यांच्या मापाने पुन्हा बेतली गेली असती. परंतु १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, आणि १९२७ च्या ‘रणदुंदुभी’सारखी त्यांच्या गळ्याला साजेशी तेजस्वी नाटके त्या संस्थेच्या वाट्याला आली. किर्लोस्कर मंडळी दुसऱ्यांदा एका नव्या संस्थेची पाठवणी करून रिकामी झाली.

या घडामोडींना समांतर असा दुसरा प्रवाह कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांचा. १८९० साली जन्मलेले केशवराव लहानपणी ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या कामाने प्रसिद्धीस आले आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी ललितकलादर्श ही मंडळी स्थापन केली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. उंच पट्टी, दाणेदार तान आणि समेवर येताना घेतलेली झडप ही त्यांच्या गाण्याची वैशिष्ट्ये सांगितली जातात. गंधर्व आणि केशवराव हे दोघेही स्त्रीभूमिका करत, दोघांच्याही स्वतःच्या मंडळ्या होत्या, दोघांनाही शाहू महाराजांचा आश्रय होता; त्यामुळे महाराष्ट्रातील रसिकांचे दोन उघड तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की गंधर्वांच्या गाण्याने नाटकातील स्त्री खरी वाटते. दुसऱ्याचे म्हणणे असे की केशवरावांच्या गाण्याने नाटक जागे राहते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, ही गोष्ट तटांना रुचणारी नव्हती.

या वादाचा प्रत्यक्ष निवाडा करण्याची संधी ८ जुलै १९२१ रोजी आली. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून मुंबईत ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरमध्ये ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला. भामिनी ही श्रीमंतीचा गर्व असलेली नायिका बाल गंधर्वांनी आणि तिने झिडकारलेला, गरीब परंतु शूर सेनापती धैर्यधर केशवरावांनी साकारला. निवड अचूक होती, कारण दोन गायकांतील चुरस आणि दोन पात्रांतील मानापमानाचा झगडा एकमेकांत बेमालूम मिसळून गेला. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला, आणि त्या काळच्या शंभर रुपयांत एखाद्या कारकुनाच्या घरचे काही महिने निघत असत. निवाडा मात्र झाला नाही, आणि तो होणे शक्यही नव्हते. भामिनीची पदे गंधर्वांच्या गळ्यासाठीच बांधलेली. धैर्यधराची पदे जोगळेकरांसाठी बांधलेली. केशवराव त्या संध्याकाळी परक्याच्या नाटकात, परक्या माणसासाठी रचलेल्या चाली गात होते आणि तरीही बरोबरीने उभे राहिले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवावी लागते; उलट, आपल्या हुकमी नाटकात दुसऱ्याला एवढी जागा मोकळी करून देणे हा गंधर्वांचा मोठेपणा होता. प्रयोगानंतर प्रत्येक तट आपलाच गायक सरस ठरला असे मानत घरी गेला. अवघ्या तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने वारले, त्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते.

ललितकलादर्शची सूत्रे व्यंकटेश बळवंत उर्फ बापूराव पेंढारकरांकडे आली. तेही वझेबुवांच्या तालमीतले होते, परंतु केशवरावांच्या गळ्याशी त्यांची तुलना करण्याचे धाडस त्यांच्या चाहत्यांनीही फारसे केले नसेल. पेंढारकरांनी ती तुलना टाळण्याचा मार्ग शोधला, आणि हा मार्ग या सबंध इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा म्हटला पाहिजे. १९२२ साली मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ आणि १९२३ साली अस्पृश्यतेचा प्रश्न मांडणारे ‘तुरुंगाच्या दारात’ ही नाटके त्यांनी रंगभूमीवर आणली. पौराणिक राजवाड्यातून नाटक वकिलाच्या दिवाणखान्यात आणि समाजाच्या प्रश्नांत उतरले. रंगवलेल्या, गुंडाळता येणाऱ्या पडद्यांऐवजी चित्रकार पु. श्री. काळे यांच्या साहाय्याने तीन भिंतींची खोली रंगमंचावर उभी करण्याची पद्धत आली. अशा खोलीत नट खुर्चीवर बसून बोलू लागला की तो वीस मिनिटे तान घेत राहणे विशोभित दिसते. गाणे गेले नाही, आटोपशीर झाले. प्रेक्षक गायकासाठी येत होता तो नाटकासाठी येऊ लागला, आणि नवा गायक जुन्याच्या तोडीचा आहे का, हा प्रश्न पुसट होत गेला.

गंधर्व नाटक मंडळीला हा मार्ग मोकळा नव्हता, कारण तेथे संस्थेचे नावच गायकाचे होते. १९३४ च्या सुमारास मंडळी बंद करून बाल गंधर्व चित्रपटाकडे वळले. प्रभातच्या १९३५ मधील ‘धर्मात्म्या’त त्यांनी एकनाथांची भूमिका केली, पण पडद्यावर ते रमले नाहीत. मंडळी पुन्हा उभी राहिली ती गोहर कर्नाटकी १९३८ साली तिच्यात आल्यावर. गोहरबाईंचा गळा गंधर्वांच्या गायकीत मुरलेला होता आणि नायिकांची कामे त्यांच्याकडे जाऊ लागली. पन्नाशीला पोहोचलेल्या पुरुषाऐवजी गाणारी स्त्री नायिका व्हावी, यात आजच्या वाचकाला वावगे काही दिसणार नाही. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ पासून स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्याचा पायंडा प्रतिष्ठित केलाच होता. गंधर्वभक्तांना मात्र हे सहन झाले नाही. स्त्रीची भूमिका खऱ्या स्त्रीने करणे त्यांना खोटे वाटले. गंधर्व आणि गोहरबाई यांच्या व्यक्तिगत संबंधांवरील राग या नापसंतीत किती मिसळलेला होता, हे वेगळे काढणे कठीण आहे, परंतु गोहरबाईंच्या गाण्याला त्यामुळे न्याय मिळाला नाही हे उघड आहे.

भिवंडीतील दुसऱ्या श्रवणपरंपरेकडे वळल्यास नावाचा हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. हातमागावरचे मुसलमान विणकर येथे एकोणिसाव्या शतकापासून होते, विसाव्या शतकात यंत्रमाग आले आणि उत्तर प्रदेशातून येणाऱ्या कारागिरांची संख्या वाढत गेली. त्यांच्या जगण्यात उर्सातील कव्वालीचे स्थान मोठे. कव्वालीच्या संचाला रूढ भाषेत ‘पार्टी’ म्हणतात. त्यात मुख्य कव्वाल, त्याचा जोडीदार, पेटी, ढोलक किंवा तबला आणि टाळ्या देत ओळ उचलणारे साथीदार असतात. १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातील इस्माईल आझाद यांच्या कव्वालीने हा प्रकार दर्ग्याबाहेरच्या श्रोत्यांत तुफान लोकप्रिय केला, आणि नंतरच्या काळात युसूफ आझाद, रशिदा खातून, शकीला बानो भोपाली यांच्या मुकाबल्यांना, म्हणजे दोन पार्ट्यांच्या सवाल-जबाबाच्या मैफलींना, गर्दी लोटू लागली. येथे पार्टीला स्वतंत्र नाव नसते. ती मुख्य गायकाच्याच नावाने ओळखली जाते. त्यामुळे नवा गायक ‘शोभतो का’ असे कोणी विचारत नाही, तो ‘वारस आहे का’ असे विचारतात. फैसलाबादच्या प्रसिद्ध घराण्यात उस्ताद फतेह अली खाँ १९६४ साली आणि त्यांचे बंधू मुबारक अली खाँ १९७१ साली वारल्यावर नुसरत फतेह अली खाँ यांच्याकडे नेतृत्व आले, तेव्हा पार्टीच्या नावात चुलतभाऊ मुजाहिद मुबारक अली खाँ यांचेही नाव राहिले. १९९७ साली नुसरत गेल्यावर पुतणे राहत यांच्याकडे तोच वारसा गेला, आणि तुलना लगेच सुरू झाली. वारशाच्या वादात नव्या गायकाला नाटक बदलून सुटका करून घेता येत नाही, कारण श्रोत्याला तीच कव्वाली, त्याच वळणाने हवी असते.

रॉक संगीतातील उदाहरणे या दोन टोकांच्या मध्ये पडतात. ‘ब्लॅक सॅबथ’मधून ऑझी ऑसबोर्न १९७९ साली गेल्यावर रॉनी जेम्स डिओ आला आणि वाद्यवृंदाचा रंगच पालटला; ‘एसी/डीसी’चा बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला आणि त्याच वर्षी ब्रायन जॉन्सनला घेऊन केलेला ‘बॅक इन ब्लॅक’ हा संग्रह जगभर खपला. ‘व्हॅन हेलन’चे नाव तर गायकाचे नसून गिटार व ड्रम वाजवणाऱ्या भावांचे, त्यामुळे १९८५ साली डेव्हिड ली रॉथच्या जागी सॅमी हेगर आला तरी पाटी तीच राहिली, वाद मात्र आजतागायत मिटला नाही. प्रत्येक ठिकाणी यशस्वी ठरलेल्या नव्या गायकासाठी नवी गाणी रचली गेली होती. जुनीच गाणी गायला लावलेल्या नव्या गायकाची तक्रार चाहत्यांनी नेहमी केली आणि पुढेही करतील.

या कसोटीवर मराठी मंडळ्यांचा हिशेब मांडला, तर किर्लोस्कर मंडळीला सर्वांत शोभलेला गायक भाऊराव कोल्हटकर हाच ठरतो, आणि त्याचे कारण त्यांचा आवाज श्रेष्ठ होता हे नसून, मंडळी आणि ते एकाच वेळी वाढले आणि नाटके बदलली तशी त्यांनी भूमिकाही बदलल्या, हे आहे. बाल गंधर्व त्या मंडळीतील सर्वांत मोठे गायक नट होते, पण ते तिचे नव्हते. ललितकलादर्शच्या बाबतीत केशवरावांच्या चाहत्यांना रुचणार नाही असा निर्णय द्यावा लागतो: मंडळीचे भूषण केशवराव, मंडळीला शोभले ते पेंढारकर. बापूराव १९३७ साली वारल्यानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती संस्था पुन्हा उभी केली, १९५७ साली ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि १९६० साली ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके तिच्याच नावाने गाजली, आणि भालचंद्र पेंढारकर २०१५ साली वारले तेव्हा केशवरावांनी हुबळीत काढलेली मंडळी शंभर वर्षांहून जुनी झाली होती.